नाक्यावरचे मोठे दुकान बंद होते तेव्हा: परिसराचे नुकसान कसे मोजावे आणि वेळीच काय करावे

कपड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळे एका छताखाली विकणारे मोठे दुकान बंद होणार असे कळले की आसपासच्या दुकानदारांना पहिल्यांदा वाटते, आता त्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे येईल. ही आशा थोडीच खरी ठरते, कारण जो माणूस त्या एका दुकानासाठी लोकलने येऊन दादरला उतरत होता, तो त्यानंतर दादरला उतरण्याचे कारणच उरत नाही म्हणून दुसरीकडे जातो, आणि त्याच फेरीत तो घेत असलेली फुले, चप्पल, फराळाचे जिन्नस यांचीही विक्री सोबत जाते. हे मार्गदर्शन व्यापारी संघ, लहान दुकानदार, माल पुरवणारे कारखानदार आणि नोकरी जाणारे कर्मचारी यांच्यासाठी आहे.

सर्वांत आधी दुकान नेमके का बंद होत आहे, हे लेखी स्वरूपात समजून घ्यावे. मुंबईत इमारतीच्या पुनर्विकासासाठी बंद झालेले दुकान काही वर्षांनी परत येऊ शकते, दुसऱ्या कंपनीने घेतलेले दुकान नव्या पाटीखाली चालू राहते, आणि कर्जबाजारी कंपनीचे दुकान मात्र मागे देणी ठेवून जाते. ताडदेवला हाजीअलीजवळ 1999 मध्ये क्रॉसरोड्स हा मुंबईतील सुरुवातीच्या मॉलपैकी एक मॉल सुरू झाला आणि पुढे त्याच जागी सोबो सेंट्रल आले. जागा तीच राहिली तरी व्यापाराचे स्वरूप आणि मालकी बदलू शकते, याचे हे उदाहरण आहे. कारण कळल्याशिवाय उपाय ठरवू नये.

नुकसान मोजताना केवळ दुकानाच्या पगारपत्रकावर विसंबणे ही फार मोठी चूक ठरेल. अशा दुकानातील विक्रेत्यांपैकी अनेक जण त्या त्या ब्रँडने किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीने नेमलेले असतात, सुरक्षारक्षक व सफाई कामगार ठेकेदाराचे असतात, आणि त्यामुळे दुकान बंद झाल्याच्या नोंदीत त्यांची नावेच येत नाहीत. त्यांच्याही पलीकडे रस्त्यावरची माणसे आहेत: शेजारच्या जिन्याखाली शिलाई मशीन टाकून नव्या पँटची उंची कमी करून देणारा टेलर, दुपारी मालाच्या खोक्यांची वाट पाहणारे टेम्पोवाले, कर्मचाऱ्यांचे डबे पोहोचवणारी बाई, संध्याकाळी वडापावची गाडी लावणारा. त्या टेलरच्या वहीत रोजच्या कामाची नोंद असते, आणि माझ्या मते कोणत्याही अहवालापेक्षा अशी वही अधिक खरे सांगते. व्यापारी संघाने दुकान बंद होण्याआधीच या सर्वांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या आठवड्याच्या उत्पन्नाचा अंदाज त्यांच्याशी बोलूनच लिहून घ्यावा.

वर्दळ मोजण्यासाठी ठरावीक दोन वार निवडावेत, उदाहरणार्थ बुधवार आणि रविवार, आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात दुकानासमोरून जाणाऱ्या व हातात खरेदीची पिशवी असणाऱ्या माणसांची मोजणी बंद होण्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून करावी. गल्ल्याची तुलना मात्र मागच्या महिन्याशी करू नये. पितृपक्षात नव्या खरेदीला लोक टाळतात आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत बाजार भरतो, शिवाय दिवाळी दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. त्यामुळे मागच्या वर्षीच्या त्याच तिथीच्या आसपासचे आकडे समोर ठेवले तरच घट खरी किती हे कळते. जीएसटीची विवरणपत्रे आणि यूपीआयचे हिशेब हाताशी असतील तर हे काम सोपे होते.

भाड्याची नोंद वेगळी ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. पागडीचे, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुन्या कमी भाड्याने घेतलेले दुकान त्या भाड्यामुळे मंदीचे काही महिने सोसू शकते, परंतु लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर गाळा घेतलेल्या नव्या दुकानदाराला तितका अवकाश नसतो, आणि रस्त्यावर पहिले शटर त्याचेच पडण्याचा धोका असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे संरक्षण एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना मिळत नाही, म्हणून मोठ्या साखळीची जागा बाजारभावाच्या भाड्यानेच दिली-घेतली जाते, आणि मालक तितकेच भाडे देणाऱ्या पुढच्या मोठ्या भाडेकरूची वाट पाहत ती जागा दीर्घकाळ रिकामी ठेवू शकतो.

अमेरिकेतील शहरांबद्दलचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावू नयेत. तेथे अनेक शहरांच्या तिजोरीत विक्रीकराचा थेट वाटा जातो, त्यामुळे सीअर्ससारख्या मोठ्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीने ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर दुकाने बंद झालेल्या शहरांपुढे महसुलाचाही प्रश्न उभा राहिला. मुंबईत 2017 मध्ये जकात संपून जीएसटी आला आणि तो केंद्र व राज्याकडे जातो. मालमत्ता कर जागेच्या भांडवली मूल्यावर बसतो. म्हणजे महापालिकेच्या तिजोरीला लगेच झळ बसत नाही, आणि नेमके म्हणूनच प्रशासनाचे लक्ष आपोआप जाईल असे समजू नये. नगरसेवकाकडे आणि वॉर्ड ऑफिसमध्ये आकडे घेऊन जाण्याचे काम परिसरालाच करावे लागते.

माल पुरवणाऱ्यांनी मात्र क्षणाचाही विलंब करू नये. जांगडवर, म्हणजे विकला गेला तरच पैसे या बोलीवर दिलेला माल तुमचाच असतो, आणि दुसऱ्याच्या मालकीची करारानुसार ठेवलेली वस्तू दिवाळखोरीतील कंपनीच्या मालमत्तेत धरली जात नाही. परंतु हे सिद्ध करण्यासाठी करार, चलन आणि दुकानात शिल्लक असलेल्या मालाची सही-शिक्क्याची यादी लागते. ही यादी ‘स्टॉक क्लिअरन्स’च्या पाट्या लागण्याआधी करून घ्यावी. पक्क्या बिलाने विकलेला माल परत मिळाला तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी पावती) काढून भरलेला जीएसटी मुदतीत समायोजित करता येतो, मात्र केवळ पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने 45 दिवसांच्या पलीकडे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते; निव्वळ व्यापार करणाऱ्याला हा हक्क नाही. प्रकरण एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेलेच, तर जाहीर सूचनेतील मुदतीत माल पुरवणाऱ्यांसाठीचा फॉर्म बी भरून दावा दाखल करावा. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलचे प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने जुलै 2022 मध्ये दाखल करून घेतले आणि 2024 मध्ये ते अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या टप्प्यात गेले, यावरून अशा वाटेला किती काळ लागतो हे लक्षात यावे. तेवढ्या काळात छोटा कारखाना टिकवण्यासाठी दुसरी दुकाने आधीच शोधलेली बरी.

कर्मचाऱ्यांनी राजीनामा लिहून देण्याची घाई करू नये. पाच वर्षांची सलग सेवा झालेल्याला प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते, आणि नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक व हजेरीच्या नोंदी शेवटच्या दिवसाआधी जपून ठेवल्या तरच ती वेळेत पदरात पडते. दिवाळखोरी झाल्यास कर्मचाऱ्यांचा दावा फॉर्म डी मध्ये स्वतंत्रपणे करायचा असतो. ठेकेदाराच्या कामगारांनी आपला ठेकेदार कोण आणि मुख्य मालक, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणारी कंपनी कोण, ही दोन्ही नावे लिहून ठेवावीत.

रिकाम्या जागेबाबत मालकाशी बोलणी करताना व्यापारी संघाने ठोस प्रस्ताव घेऊन जावे. एक मोठा भाडेकरू मिळेपर्यंत तळमजल्याचा दर्शनी भाग दिवाळीपूर्वी महिला बचत गटांच्या फराळ व कंदिलांच्या विक्रीसाठी तात्पुरता देणे, किंवा जागेचे लहान गाळे पाडून वेगवेगळ्या दुकानदारांना देणे, हे दोन मार्ग मालकालाही परवडू शकतात. दुसऱ्या मार्गासाठी महापालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी आधी घ्यावी लागते, तेव्हा वास्तुविशारदाचा खर्च कोण करणार हे पहिल्याच बैठकीत ठरवावे. त्याच बैठकीत रात्री दर्शनी भागाचे दिवे चालू ठेवण्याची आणि शटरसमोरचा फूटपाथ स्वच्छ राखण्याची अट मालकाकडून लेखी मान्य करून घ्यावी, कारण अंधाऱ्या, कचरा साचलेल्या टप्प्यावरून संध्याकाळी बायका-मुले चालायचे टाळतात आणि त्याचा फटका दोन्ही बाजूंच्या दुकानांना बसतो.