इलेक्ट्रिक मॅन्डोलिनला घरचं हार्डवेअर लावताय? मग या चुका टाळा

गणपतीला पंधरा दिवस राहिले असताना माझ्या मॅन्डोलिनने अशी घरघर धरली की भजनातल्या बुवांनी सरळ विचारलं, "काय रे, ह्येच्यात भुंगो शिरलो काय?" मी पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि कॉइल) बदलला, जॅक (केबल घुसवतात ते भोक) बदलला, शेजारच्या पोराची केबल आणून लावली, घरघर जिथल्या तिथे. आणि दोष निघाला कुठे, तर ज्या टेलपीसचा फोटो मी सगळ्यांना दाखवत फिरलो होतो त्यात.

टेलपीस म्हणजे मागच्या टोकाला तारांचे फास अडकवायची पट्टी. मी ती स्लायडिंग खिडकीच्या ऍल्युमिनियम सेक्शनच्या तुकड्यातून कापली, फुकटचा माल, रंग पण झकास. आता त्या सेक्शनवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या ऑक्साईडचा, थर असतो, दिसतो धातूसारखा पण वीज जाऊ देत नाही, आणि मी अर्थची वायर (तारांना जॅकच्या बाहेरच्या धातूशी जोडणारी) त्याच्याखाली नुसती दाबून ठेवली होती. सुरुवातीला स्क्रूच्या आट्यांमधून कसाबसा कॉन्टॅक्ट मिळत होता म्हणून कळलं नाही, मग जून-जुलै मालवणच्या खाऱ्या हवेत गेले, पितळी स्क्रूभोवती पांढरी पावडर धरली आणि कॉन्टॅक्ट संपला. जेटीवर इंजिनाचं काम करणाऱ्या काकांना दाखवलं तर ते हसले, "पितळ नि ऍल्युमिनियम एकत्र नको रे, खाऱ्यात एक दुसऱ्याक खाता."

म्हणून पिकअपवर पैसे घालवण्याआधी हे करा. ॲम्प चालू ठेवून तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर तारांचा अर्थ ठीक आहे, मग शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं धातूचं अस्तर, बघा. तारांना हात लावून काहीच फरक नाही पण जॅकच्या धातूला लावला की कमी होते, म्हणजे अर्थची वायर टेलपीसपर्यंत पोचतच नाहीये. मल्टीमीटर असेल तर एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला, रीडिंग जवळपास शून्य ओहम यायला हवं. नाही आलं तर पट्टीची खालची बाजू पोलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, वायरला रिंगवाला लग (टोकाला बसणारी धातूची कडी) लावा आणि तो स्क्रूखाली आवळा. ऍल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, तिथे तास घालवू नका. मी शेवटी पट्टीच नवीन केली, पितळेची, त्यावर सोल्डर मस्त बसतं. आणि स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घ्या, ३०४ पण समुद्राजवळ काही काळाने डाग धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त दाद देत नाही. बोटींचं सामान विकतात तिथे सुटे मिळतात.

आठ तारांचा एकूण ताण साधारण ७०-८० किलो असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस तुमच्या दोन-तीन स्क्रूंना लटकलाय असं समजा. त्यामुळे आधी बारीक ड्रिलने भोक पाडा मगच स्क्रू, नाहीतर लाकूड फाटतं, फणसाचं असो की सागाचं. भोक मोठं झालं असेल तर फेविकॉल लावलेली बांबूची काडी ठोकून एक दिवस वाळू द्या, एम-सीलने बुजवून त्यातच परत स्क्रू मारला तर तो ताण आला की वर येतो (माझा आला, रात्री दोन वाजता, घरातले सगळे उठले).

तारा तुटतायत? तुटलेलं टोक कुठलं ते बघा. फासाजवळ तुटत असेल तर तुमच्या हुकाला धार राहिलीये, कानशीने गोल करा. नटजवळ (खुंट्यांच्या बाजूची खाचांची पट्टी) तुटत असेल, किंवा सूर लावताना टिंग असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर खाच अरुंद आहे, ती थोडी रुंद करा आणि पेन्सिलचं शिसं घासा.

आता ब्रिज, म्हणजे टेलपीसच्या पुढे तारा ज्यावर टेकतात तो. पितळेच्या पट्टीचा घरगुती ब्रिज आवाज लांबवतो हे खरं, पण लोक तो सरळ रेषेत कापतात आणि मग वरच्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बेसूर वाजतं म्हणून खुंट्यांना दोष देतात. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, बऱ्याच मॅन्डोलिनला ते १७६ मिमीच्या आसपास असतं, त्याच्या दुप्पट अंतरावर आणि त्याहून दीड-दोन मिमी मागे, टेलपीसकडे, ब्रिज ठेवून सुरुवात करा. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे, उतरा असेल तर नटकडे. आणि चारही जोड्यांचा (जाड ते बारीक जी, डी, ए, ई) टेकू एका रेषेत येत नाही, जी मागे, डी थोडी पुढे, ए परत मागे, ई पुढे, असा नागमोडी येतो, कारण डी आणि जी गुंडाळलेल्या तारा, ए आणि ई साध्या. ब्रिज चिकटवून टाकू नका, पावसात लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात, मग परत सगळं हलवावं लागतं.

पिकअप स्वतः गुंडाळणाऱ्यांसाठी एकच, निओडिमियमचे लोहचुंबक तारांच्या अगदी जवळ आणू नका, ते तार ओढतात आणि सूर थरथरतो. आणि ब्राँझच्या तारा मॅग्नेटिक पिकअपला नीट ऐकू येत नाहीत, स्टील किंवा निकेलच्या घ्या. पिकअप कमजोर वाटतो तो पुष्कळदा यामुळे.

मांडवात वाजवणार असाल तर ॲम्पची अर्थ पिन कापून टू-पिनमध्ये घालायचा जुगाड मात्र अजिबात नको. तारा आता तुम्हीच अर्थला जोडल्यात, पिन कापली की ॲम्पमधली गळती तारांवर येऊ शकते, मग पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून माईकला ओठ लागले की झटका बसू शकतो. लाईटवाल्याला विचारून घ्या, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावलाय का. आमच्याकडे विचारलं तर तो म्हणाला, "लावतंय रे, आधी ती घरघर बंद कर."