आधी कापड, मग कागद: उन्हाळी फॅशनच्या कामात शिरताना

उन्हाळी कपड्यांचं काम शिकायला येणारे बहुतेक जण स्केचेसनी भरलेली वही घेऊन येतात. चित्रं सुरेख असतात, पण कोणतं कापड, हे विचारलं की गाडी अडते. थंडीच्या कपड्यांत हे थोडे दिवस खपून जातं, कारण तिथे अस्तर, कॅनव्हास आणि खांद्याचं पॅडिंग मिळून आकार सांभाळतात. उन्हाळ्यात अंगावर एकच थर असतो. त्याचं वजन किती, तो पडतो कसा आणि घामाने भिजल्यावर कसा वागतो, यावर सगळं डिझाइन अवलंबून असतं. त्यामुळे पहिले काही महिने पेन्सिलीपेक्षा कात्री, वजनकाटा आणि मोजपट्टी हातात जास्त असली पाहिजे.

सुरुवात वजनापासून करा. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं सांगतात. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. काठापासून हातभर आत १० × १० सेंमीचा तुकडा कापा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या आकड्याला १०० ने गुणा. तुकडा ०.७२ ग्रॅम भरला, तर कापड ७२ जीएसएमचं. मलमल आणि व्हॉइल साधारण ६० ते ८०मध्ये येतात, केंब्रिक आणि पॉपलिन १०० ते १२०च्या आसपास, शर्टाचं लिनन १३० ते १६० आणि पँटचं लिनन १८०च्या पुढे. हे आकडे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कापडाचा तुकडा वहीत चिकटवा आणि शेजारी जीएसएम लिहा. पन्नासेक तुकडे झाले की बोटांनाच अंदाज येऊ लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रमाणित हवेत, म्हणजे सुमारे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, १०० ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅमपर्यंत ओलावा धरतो. लिननचा आकडा १२च्या आसपास आहे, व्हिस्कोसचा १३ आणि पॉलिस्टरचा अवघा ०.४. पण नुसतं शोषून भागत नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, म्हणून दाट विणीचा सुती टी-शर्ट दुपारनंतर पाठीला चिकटतो. त्यामुळे धागा आणि वीण या दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा. एक साधी चाचणी करून पाहा. कापड गोल फ्रेममध्ये ताणा आणि ड्रॉपरने एक थेंब टाका. थेंब दोन-चार सेकंदांत पसरला, तर कापड कामाचं. मण्यासारखा बसून राहिला, तर वर खळ किंवा मऊपणासाठी दिलेलं सिलिकॉन फिनिश आहे. एकदा धुऊन पुन्हा थेंब टाका. खळ असेल तर निघून जाते. फिनिश मात्र टिकून राहतं आणि हातात मुलायम लागलेलं ते कापड उकाड्यात गुदमरवतं.

आता आटणं. नवख्यांचे सर्वाधिक नमुने इथे वाया जातात. धुण्याआधी कापडावर ५० × ५० सेंमीचा चौकोन न पुसणाऱ्या शाईने आखा आणि उभ्या धाग्याच्या दिशेला बाणाची खूण करा. ग्राहक ज्या पद्धतीने धुणार तसं तीनदा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. उभ्या दिशेला ४७.५ सेंमी आलं, तर आटणं ५ टक्के. उभी दिशा बहुधा जास्त आटते, कारण विणताना आणि फिनिशिंगमध्ये ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ओढलेले असतात आणि पाणी लागलं की ते मूळ लांबीकडे परततात. मग पॅटर्न किती वाढवायचा? तयार शर्ट ७० सेंमी लांब हवा असेल, तर ७० ला ०.९५ ने भागा. उत्तर ७३.७ येतं. सरळ ५ टक्के मिळवले तर ७३.५ येतात आणि तिथे फरक जाणवत नाही. १० टक्के आटणाऱ्या लिननमध्ये हाच फरक जवळपास एक सेंमीचा होतो. उभ्या-आडव्या दिशांचे टक्के वेगळे ठेवा. दोन्हींना एकच सरासरी लावली की शर्टाची लांबी कमी पडते आणि छाती ढगळ होते.

रंगाची पक्की-कच्ची परीक्षाही याच टप्प्यावर उरकून घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून रंगीत कापडावर दहा वेळा घासा, आधी कोरडा आणि मग ओला. प्रयोगशाळेत उतरलेल्या रंगाला करड्या पट्टीवर १ ते ५ गुण देतात, ५ म्हणजे उत्तम. ओल्या घासणीत गडद निळा आणि लाल बहुतेकदा मागे पडतात. काखेत आणि कॉलरवर नेमकी ओली घासणीच होत असते. घामाची चाचणी वेगळी असते आणि ती आम्ल व अल्कली अशा दोन्ही द्रावणांत करतात, कारण ताजा घाम आणि काही तास अंगावर राहिलेला घाम सारखा नसतो.

पॅटर्नकडे वळू. उन्हाळी कपडा सैल असावा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सैलपणा कुठे द्यायचा हे ठरवलेलं नसतं. छातीच्या मापात १५ ते २० सेंमी सूट दिली की शर्टात हवा खेळते. ही सूट पुढे-मागे सारखी वाटण्यापेक्षा पाठीकडे थोडी जास्त ठेवा आणि खांद्याच्या पट्टीखाली, म्हणजे योकखाली, एक चुणी घ्या. हात पुढे गेला की ती उघडते. मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भागाची, चूक हमखास होते. हवा यावी म्हणून मुंढा खाली उतरवायचा आणि बाही मात्र अरुंद ठेवायची. मग हात वर केला की अख्खा शर्ट कमरेपासून उचलला जातो. मुंढा खाली घ्यायचाच असेल तर बाही रुंद करा आणि बाहीच्या माथ्याची उंची कमी करा. नाहीतर मुंढा वरच ठेवून काखेत आठ-दहा सेंमीचा चौकोनी तुकडा, म्हणजे गसेट, जोडा. हा उपाय फार जुना आहे आणि अजूनही सर्वांत भरवशाचा.

शिलाईत पातळ कापड कोणतीही चूक लपवत नाही. व्हॉइलला ६० किंवा ७० नंबरची सुई, बारीक दोरा आणि साधारण २ मिमीची टीप घ्या; लिननला ८० नंबर आणि अडीच मिमी. टीप मारल्यावर कापड चुण्या खात असेल, तर आधी दोऱ्याचा ताण कमी करा, मग सुई बदला. कापड ओढून शिवलं तर मशिनखाली शिवण सपाट दिसते आणि पहिल्या धुण्यानंतर ती नागमोडी होते.

आतली बाजू ओव्हरलॉकने संपवू नका. ती आरपार दिसते आणि घामेजल्या कातडीला टोचते. फ्रेंच शिवण घ्या. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राखलेलं कापड, १५ मिमी सोडा. दोन्ही तुकडे उलट बाजू आत ठेवून कडेपासून ९ मिमीवर टीप मारा, माया ३ मिमीपर्यंत कापा, उलटवा, बोटाने कड काढून इस्त्री करा आणि कडेपासून ६ मिमीवर दुसरी टीप मारा. सुलट बाजूला धाग्यांची मिशी डोकावली, तर कापणी असमान झाली असं समजा. मुंढ्याच्या खोल वळणावर ही शिवण जाड होते. तिथे तीन सेंमी रुंदीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावून कड झाकणं बरं. कॉलरसाठी चिकटवायचं बुकरम पातळ कापडावर वापरलं की गोंदाचे ठिपके वर उमटतात, आणि दोन्ही थर वेगवेगळे आटल्याने धुण्यानंतर फुगे येतात. त्याऐवजी सुती ऑर्गंडी किंवा त्याच कापडाचा एक थर शिवून घाला. अस्तर लागलंच तर सुती व्हॉइल किंवा क्युप्रो (कापसापासून केलेलं रेशमासारखं कापड) वापरा. लिननच्या ड्रेसला पॉलिस्टरचं अस्तर देणाऱ्याने लिननवर पैसे का घालवले, हे कोडंच आहे.

उरेब कापलेला स्कर्ट किंवा ड्रेस किमान २४ तास टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड आखा. तिरक्या दिशेला कापड वजनाने ओघळतं आणि सगळीकडे सारखं ओघळत नाही. घाई केली की पंधरा दिवसांत घेर एका बाजूला लोंबतो.

रंगाबद्दल थोडक्यात. उन्हाळा म्हणजे पांढरा, हा नियम सरसकट धरू नका. वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये आला होता. काळा झगा बाहेरून जास्त तापतो, पण तो सैल असल्याने कातडीपर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच राहते, असं त्यात दिसलं. घट्ट कपड्याला ही सवलत नाही. पातळ पांढरं सुती कापड हवेशीर असलं तरी अतिनील किरण बरेच आत सोडतं, विशेषतः ओलं झाल्यावर. लेबलवर यूपीएफ ५० असेल, तर त्या किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. घामाचे डाग सर्वांत उठून दिसतात ते मध्यम करड्या आणि फिक्या निळ्या रंगावर. पांढरा, काळा आणि बारीक छापाचं कापड ते पोटात घालतात.

फॅशनच्या बातम्या वाचायच्या तर आधी वेळापत्रक समजून घ्या. स्त्रियांच्या उन्हाळी कपड्यांचे मोठे शो आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू होतात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस असा तो महिनाभराचा क्रम असतो. पुरुषांचे उन्हाळी शो त्याआधी जूनमध्ये होतात. रिझॉर्ट किंवा क्रूझ नावाने मे-जूनच्या सुमारास दाखवलेले कपडे हिवाळ्यातच दुकानांत पोचतात. कापडांची प्रदर्शनं त्याहून आधीची. पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनमध्ये पुढच्या उन्हाळ्याची कापडं फेब्रुवारीच्या आसपास दिसतात. म्हणजे तुम्ही आज जो ‘नवा ट्रेंड’ वाचता, त्याचं कापड बऱ्याच आधी निवडून झालेलं असतं. बातमीवर धावत सुटलात, तर कायम एक हंगाम मागे राहाल.

शोचे फोटो पाहायचीही पद्धत असते. पाच कलेक्शन निवडा आणि प्रत्येक पोशाखासमोर बाही, लांबी, कमरेची जागा, कापडाचा प्रकार आणि रंग यांच्या खुणा करत जा. टोप्या, मुखवटे आणि अवाढव्य झालरी सोडून द्या. त्या फोटोसाठी असतात आणि दुकानात क्वचितच येतात. एकच बाब तीन निरनिराळ्या डिझायनरांकडे दिसली, तर नोंद घ्या. फोटो बहुतेक समोरून असतो, पाठ दिसतच नाही, म्हणून चालतानाचा व्हिडिओही बघा. कापड हललं की त्याचं वजन कळतं.

जुन्या डिझायनरांकडे जाताना एवढंच विचारा की यांनी उकाड्याचं काय केलं? क्लेअर मॅककार्डेल यांनी १९४२ साली डेनिमचा ‘पॉपओव्हर’ ड्रेस केला. गुंडाळून बांधायचा, खिसा असलेला, घरकामाला चालणारा. गुंडाळी असल्याने घेर हवा तसा सोडता येतो. जॉर्जिओ अर्मानी यांनी १९७०च्या दशकात जाकिटातलं पॅडिंग आणि कडक कॅनव्हास कमी केला आणि खांदा अंगासोबत पडू दिला. आजचं बिनअस्तराचं उन्हाळी जाकीट त्याच वाटेने आलं आहे. इस्सी मियाके यांची ‘प्लीट्स प्लीज’ मालिका १९९३ची. तिथे कपडा मापाच्या अडीच-तीन पट मोठा शिवतात आणि मग कागदांच्या थरांमध्ये धरून उष्णतेने चुण्या पाडतात. कापड पॉलिस्टर, म्हणजे ओलावा न पिणारं. तरी तो कपडा हलका वाटतो, कारण चुण्यांच्या फक्त कडा अंगाला टेकतात आणि मधून वारा जातो. सीअरसकरचंही तेच तत्त्व आहे. ताण्याचे काही पट्टे सैल ठेवून विणल्यामुळे कापडावर फुगवटे येतात आणि ते कातडीपासून सुटं राहतं.

रोजच्या पोशाखाची मांडणी, म्हणजे स्टायलिंग, उन्हाळ्यात जास्त कठीण जाते, कारण थरावर थर चढवण्याची सोय नसते. मग लक्ष प्रमाणांवर जातं. वर सैल असेल तर खाली सरळ काप, लांब शर्ट असेल तर बाजूला फाट, गुळगुळीत पॉपलिनसोबत खरखरीत लिनन. पांढऱ्या पातळ शर्टाखाली पांढरे अंतर्वस्त्र घालायला लावू नका, ते ठळक दिसतं. घालणाऱ्याच्या कातडीच्या रंगाशी जुळणारं दिसत नाही.

कामं निरनिराळी आहेत: डिझायनर, पॅटर्न मेकर, टेक्निकल डिझायनर, मर्चंडायझर, स्टायलिस्ट. नवख्यांची नजर पहिल्या आणि शेवटच्या नावावर असते. माझं मत विचाराल तर पॅटर्न किंवा टेक्निकल विभागातून सुरुवात करा, तिथे चुका मोजता येतात. तिथलं मुख्य कागदपत्र म्हणजे टेक पॅक. पुढून-मागून सपाट आकृती, मापांचा तक्ता, कापड-बटण-दोऱ्याची यादी, प्रत्येक शिवणीचा प्रकार, लेबलची जागा, रंगांचे पर्याय, सगळं त्यात येतं. प्रत्येक मापाला सवलत, म्हणजे किती फरक चालेल ते, लिहावी लागते, उदाहरणार्थ छातीला अधिक-उणे १ सेंमी आणि गळ्याला अर्धा. ती लिहिली नाही तर कारखाना आपली सवलत वापरतो. माप कुठून कुठे घ्यायचं हेही लिहा. ‘छाती: काखेखाली २ सेंमी, कपडा सपाट ठेवून’ असं लिहिलं की वाद उरत नाही. नमुना परत आला की शेरेही तसेच हवेत. ‘बाही जरा घट्ट’ या शेऱ्यावर कुणाला काही करता येत नाही. ‘दंडाची रुंदी १७.५ आली, हवी १९. बाहीच्या दोन्ही शिवणींत ०.७५ सेंमी वाढवा’ यावर करता येतं.

पोर्टफोलिओत चार ते सहा प्रकल्प पुरतात. प्रत्येकात कापडाचा खरा तुकडा, जीएसएम, आटण्याचे टक्के, टेक पॅकचं एक पान आणि कपडा अंगावर असतानाचा पाठीकडून घेतलेला फोटो ठेवा. मुलाखत घेणारी व्यक्ती सर्वांत आधी त्या तुकड्याला हात लावते, म्हणून तो धुतलेला ठेवा, ठाणातून नुकताच कापलेला नको.