नागपूरहून गाडीने परदेशात जाताय? गाडीआधी कागद बघा, या चुका टाळा

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ जिथे एकमेकांना छेदतात, त्या शहरातल्या माणसाला लांबच्या ड्राइव्हचं फारसं अप्रूप नसतं. पहाटे निघून दुपारच्या जेवणाला हैदराबाद हे आपल्याकडे नेहमीचंच. मग एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी डोक्यात येतं की उत्तरेकडे असंच चालत राहिलं तर? नेपाळ, तिबेट, किर्गिझस्तान आणि पुढे थेट युरोप! टपरीवर दहा जण तयार होतात, त्यातले चार खरोखर निघतात. हे चौघं पहिले सहा महिने टायर, सस्पेन्शन आणि छतावरच्या तंबूत घालवतात, आणि कागदांसाठी शेवटचा महिना उरतो. अशा सहली रस्त्यावर क्वचित मोडतात. त्या मोडतात सीमेवरच्या खिडकीपुढे.

नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तो उघडा आहे असं धरणं

जुने व्हिडिओ पाहून मार्ग आखणारे इथेच फसतात. पाकिस्तान, इराण, तुर्की ही सरळ रेघ भारतीय खासगी गाडीसाठी विसरा. एप्रिल २०२५ मध्ये तर अटारीचं नाकंच बंद झालं. मणिपूरमधल्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंड हा एकेकाळी लोकप्रिय मार्ग होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मे २०२३ पासून मणिपूरही धुमसत राहिलं. मोरे ते थायलंडमधलं माए सोत या सुमारे १,३६० किलोमीटरच्या त्रिपक्षीय महामार्गाच्या बातम्या अधूनमधून येतात. बातमीवर गाडी काढू नका.

उरतो नेपाळमधून तिबेट, शिनच्यांग आणि मग किर्गिझस्तान. जुलै २०२५ मध्ये नेपाळ-तिबेट सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल पुरात वाहून गेला, म्हणजे सगळी मोहीम एका पुलावर लटकलेली. म्हणून दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून हिशेबात ठेवा: मुंबईजवळच्या न्हावाशेवाहून कंटेनरमध्ये गाडी घालून पुढच्या बंदरात उतरवणं. कस्टम हाउस एजंटकडून त्याचा अंदाजी खर्च आधीच काढून ठेवा आणि कोणत्या तारखेपर्यंत पहिला मार्ग खुला झाला नाही तर कंटेनर करायचा, ती तारीख चौघांत आजच ठरवा. ती ठरलेली नसेल तर काठमांडूच्या हॉटेलात बसून चौघांची भांडणं होतात.

कार्नेटला नुसता फॉर्म समजणं

कार्नेटला लोक गाडीचा पासपोर्ट म्हणतात. मला ते दिशाभूल करणारं वाटतं, कारण कार्नेट ही मुळात पैशांची हमी आहे. ही गाडी तुमच्या देशात विकली जाणार नाही, परत बाहेर जाईल, आणि नाही गेली तर तिची आयात ड्युटी आम्ही भरू, असं कार्नेट देणारी संस्था त्या देशाच्या कस्टमला सांगते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन कार्नेट देते आणि त्यासाठी तुमच्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि देशांवर ठरते. ती मोठी असते आणि सहल संपेपर्यंत अडकून राहते. बजेट लिहिताना ही ओळ हमखास राहून जाते.

प्रत्येक देशासाठी कार्नेटचं एक पान, आणि पानाचे तीन भाग. आत शिरताना एक भाग तिथलं कस्टम फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के असावे लागतात. सगळ्यात महागडी चूक इथे होते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, अधिकारी हाताने ‘जा’ म्हणतो, सगळे थकलेले असतात आणि बाहेर पडल्याचा शिक्का राहतो. त्या देशाच्या दप्तरी तुमची गाडी अजून आतच असते. काही महिन्यांनी ड्युटीची मागणी येते आणि ती तुमच्या अनामतीतून जाते.

शिक्का राहिला हे थोड्याच अंतरावर लक्षात आलं तर मागे फिरा, कितीही कंटाळा आला तरी. खूप पुढे गेल्यावर कळलं तर पुढच्या देशाच्या कस्टमकडून किंवा आपल्या दूतावासाकडून, गाडी चासी नंबरसह प्रत्यक्ष इथे पाहिली, असं स्थान-प्रमाणपत्र घ्या. त्याचा नमुना कार्नेटमध्येच असतो. ही तजवीज घरी परतल्यावर करणं फार अवघड जातं.

कार्नेटची मुदत एक वर्ष असते, आणि त्यात परतीचा जहाजप्रवासही बसवायचा असतो. फक्त नेपाळ-भूतान करायचं असेल तर मात्र कार्नेटच्या फंदात पडू नका. नेपाळमध्ये सीमेवर भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना मिळतो. भारतीय खासगी गाडीला वर्षभरात एकूण ३० दिवस. तिथली चूक वेगळी: लोक अगदी मोजून दिवस भरतात. पावसाळ्यात नारायणगड-मुग्लिंग रस्त्यावर दरड आली की दोन दिवस तिथेच जातात आणि परवाना संपतो. दोन दिवस जास्तीचे भरा. भूतानमध्ये भारतीयांना माणशी, रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे आणि गाडी सीमेवरच्या फुन्त्शोलिंगच्या पुढे न्यायची तर गाडीचं वेगळं. तिथे आधार कार्ड चालत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, लहान मुलांचा जन्मदाखला ठेवा.

नाव आणि नंबर न जुळणं

हा आपल्या मराठी माणसांचा खास घोळ. पासपोर्टवर ‘प्रकाश रामराव’ हे नाव आणि ‘देशमुख’ हे आडनाव. आरसीवर ‘देशमुख प्रकाश आर’. लायसन्सवर ‘प्रकाश देशमुख’. नागपुरात कुणाला काही वाटत नाही. सीमेवरचा अधिकारी मात्र अक्षर अक्षर जुळवतो आणि त्याच्या दृष्टीने ही तीन माणसं असतात. रामराव म्हणजे वडील, हे त्याला रशियन भाषेत कोण समजावणार? एमएच-३१ असो, ४० असो की ४९, आपल्या आरटीओत जाऊन आरसीवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. वेळ नसेल तर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजी नोटरी प्रतिज्ञापत्र, आणि मध्य आशियासाठी त्याचा रशियन अनुवाद. पहिला उपाय चांगला, दुसरा नाइलाजाचा.

गाडी बायकोच्या, वडिलांच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र लागतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. डिजिलॉकर सीमेपलीकडे कुणी विचारत नाही. मूळ आरसी खिशात हवी.

कार्नेट हातात आल्यावर तिथेच उभं राहून चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात. कागदावर ‘ओ’ छापलेला दिसला तर ती टंकनाची चूक आहे, तिथे शून्य हवं. इंजिन नंबर आणि रंगही बघा. गाडी मध्ये रंगवून घेतली असेल तर आरसीवर तो बदल आहे का?

व्हिसा पहिल्या देशापासून काढत जाणं

उलट करा. शेवटच्या देशापासून मागे या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधीच्या सहा महिन्यांतच करता येतो, त्याहून लवकर नाही, आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. गाडीने युरोप गाठायलाच दोन महिने लागणार असतील तर व्हिसाची तारीख त्या बेताने मागा.

चीनचा भाग सगळ्यात आखीव. परदेशी गाडीसाठी तिथल्या एजन्सीमार्फत आधीच परवाने, सोबत गाइड, तात्पुरतं चिनी लायसन्स आणि नंबर प्लेट हे सगळं लागतं. आरटीओतून मिळणारं, वर्षभर चालणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट बाकी बऱ्याच देशांत उपयोगी पडतं, चीनमध्ये ते चालत नाही. प्रवेशाचं आणि निर्गमनाचं नाकं, दोन्ही तारखांसह ठरलेलं असतं. किर्गिझस्तानकडची तोरुगार्त आणि इर्केश्ताम ही नाकी शनिवार-रविवारी बंद असू शकतात, आणि १ ते ७ ऑक्टोबर चीनमध्ये राष्ट्रीय सुटी. शुक्रवारी दुपारी पोहोचण्याचा बेत म्हणजे गाइडचे दोन दिवसांचे जादा पैसे. तिबेट तर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशी लोकांना बंदच असतो.

नागपूरच्या उन्हाला तयार केलेली गाडी थंडीत नेणं

आपल्याकडे मे महिन्यात रेडिएटर उतरला की लोक बाटलीतलं साधं पाणी ओततात. इथे निभावून जातं. तीच गाडी तिबेटच्या रात्रीत उभी राहिली तर पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निघण्याआधी सगळं काढून नवं कूलंट भरा. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत तग धरतं. आणि वाटेत कुणी मेकॅनिक पाण्याची बादली घेऊन आला तर त्याला नम्रपणे थांबवा.

बीएस-६ डिझेल गाडीला १० पीपीएम गंधकाचं इंधन लागतं. नेपाळला इंधन भारतातूनच जातं, त्यामुळे तिथे चिंता नाही. मध्य आशियातल्या आडगावच्या पंपावर तसं डिझेल मिळेलच असं नाही आणि खराब डिझेलने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की शहरात रेंगाळू नका. हायवेवर वीसेक मिनिटं एका चालीत पळवली की बहुतेक वेळा फिल्टर स्वतःला साफ करतो. दिवा लुकलुकायला लागला, गाडीने पिकअप सोडला, तर मात्र पुढे रेटू नका. कोड वाचणारा छोटा स्कॅनर हजार-दोन हजारांत मिळतो, तो सोबत ठेवा. उझबेकिस्तानात गाड्या बहुतेक गॅस आणि पेट्रोलच्या; डिझेल शोधावं लागतं, म्हणून सीमेआधी टाकी भरून घ्या. डीईएफ, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव, उणे ११ अंशांला गोठतं, त्याचा कॅन गाडीच्या आत ठेवा.

काचेवरची काळी फिल्म नागपूरकराला जिवापाड प्रिय. रशियात पुढच्या काचेतून आणि पुढच्या दोन दारांच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो, आणि पोलीस मीटर लावून मोजतात. आपल्याकडे दाराच्या काचेला ५० टक्के प्रकाश पुरतो, पण तेवढाच आत सोडणारी फिल्म तिथे नापास. इथेच काढून टाका. मागे ‘आयएनडी’ लिहिलेला लंबगोल पांढरा स्टिकर लावा.

नेपाळ-भूतान आपल्यासारखेच डावीकडून चालतात. चीनपासून पुढे युरोपपर्यंत सगळं उजवीकडून. आपल्या हेडलाइटचा झोत डावीकडे झुकलेला, तो तिथे समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. ओव्हरटेक करताना चालकाला पुढचं दिसत नाही, शेजारचाच बघून सांगतो. त्यामुळे शेजारच्या सीटवर झोपायची सोय संपली.

डब्यातल्या गोष्टी

सावजी मसाल्यात खसखस असते. कंटेनर दुबईला उतरवणार असाल तर तो मसाला घरीच ठेवा, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि लोक त्यापायी तुरुंगात गेलेत. संत्रा बर्फीत खवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. बर्फी काठमांडूपर्यंत संपवा, ते काही अवघड काम नाही. कोडीन, ट्रामाडोलसारखी औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय कुठेच नेऊ नका. ड्रोनही घरीच बरा. उझबेकिस्तानात तो आत आणायलाच बंदी आहे. सॅटेलाइट फोन भारतातच परवानगीशिवाय बेकायदा आहे, हे मोहिमेची खरेदी करताना बरेच जण विसरतात.

पैशांचं थोडक्यात: इराणमध्ये आपली कार्डं चालत नाहीत, आणि मार्च २०२२ पासून बाहेरची व्हिसा-मास्टरकार्ड रशियातही नाहीत. नवे, न दुमडलेले डॉलर ठेवा.

उंचीला हलक्यात घेणं

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. काठमांडू १,४००, सीमेपलीकडचं तिबेटमधलं केरुंग सुमारे २,८००, आणि तिथून एका दिवसात गाडी पाच हजार मीटरच्या खिंडीत पोहोचू शकते. गाडी पोहोचते, माणूस नाही. केरुंगला दोन रात्री काढा, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल डॉक्टरांशी निघण्याआधी बोला. डोकेदुखीसोबत उलट्या, तोल जाणं, विश्रांतीतही धाप लागणं असं दिसलं तर ऑक्सिजनच्या कॅनवर रात्र काढू नका, लगेच खाली उतरा. गटातला सगळ्यात धडधाकट माणूसच ‘मला काही होत नाही’ म्हणत शेवटपर्यंत गप्प बसतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

परत आल्यावर फाइल कपाटात टाकणं

गाडी न्हावाशेवाला उतरली, समृद्धी महामार्गाने घरी आली, सत्कार झाला, पेपरात फोटोही आला. कार्नेट मात्र डॅशबोर्डमध्येच. भारतीय कस्टमचा परत आल्याचा शिक्का त्यावर आहे ना हे बंदरातून निघण्याआधी बघा. मग प्रत्येक पानावरचे दोन्ही शिक्के तपासा, सगळ्या पानांच्या फोटोप्रती काढा आणि मुदत संपण्याच्या आत मूळ कार्नेट संस्थेला परत करून पोच घ्या. तोवर अनामत सुटत नाही.