भूत दिसतं, पण ऐकू काहीच येत नाही: भुताची विनोदी फिल्म करताना या चुका टाळा

गेली काही वर्षं मी शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या शॉर्टफिल्म एडिट करून देतोय. त्यातल्या बहुतेक भुताच्या असतात आणि घाबरवता घाबरवता हसवायलाही निघालेल्या असतात. हौस दांडगी असते, मेहनतीलाही पोरं मागे हटत नाहीत. चुका मात्र दर वेळी त्याच.

पहिली चूक आवाजाची. एका ग्रुपने आजीच्या भुताचा सीन केला होता. नातू कंदील खाली धरतो, चादरीखाली बघतो आणि अगदी काळजीने विचारतो, "आजी, तुझ्या चपला आहेत, पाय कुठे गेले?" कागदावर वाचून मी मोठ्याने हसलो होतो. पण शूटिंगला मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वर पंखा चालू. पहिल्यांदा दाखवली तेव्हा पन्नासेक माणसं समोर होती, एकही हसलं नाही. लिहिणारा मुलगा रडवेला झाला, "जोकच फालतू होता" म्हणाला. जोक चांगलाच होता, तो कुणाला ऐकूच आला नव्हता. आम्ही पंखा बंद करून तेवढं एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं, ओठांशी जुळवून बसवलं. पुढच्या वेळी त्याच वाक्याला हशा आला.

तेव्हापासून माझा नियम एकच: दुसरा मोबाईल रेकॉर्डर म्हणून कलाकाराच्या वरच्या खिशात. टेक सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे एडिटला आवाज आणि चित्र जुळवता येतं. पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. मुलांना हे वेळ घालवणं वाटतं. दोन वाक्यांच्या मध्ये आवाज एकदम मेला की मग हीच शांतता शोधत फिरतात. "एडिटमध्ये बघू" हे वाक्य मला सेटवर ऐकायलाच नको.

दुसरी चूक, रात्रीचा सीन म्हणून खरंच मिट्ट काळोखात शूट करणं. उजेड कमी पडला की मोबाईल आपणहून आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो आणि भुताऐवजी पडदाभर दाणे नाचतात. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर आभाळात निळसर उजेड उरतो, तेव्हा उरका. घरात असाल तर एकच दिवा बाजूने लावा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसणार ते) लॉक करा, मग एक्स्पोजर खाली ओढा. ५० हर्ट्झची वीज असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फडफडताना दिसते.

ज्याचा मला खरंच राग येतो ते म्हणजे कलाकाराने सीनमध्ये हसणं. आपण विनोदी फिल्ममध्ये आहोत हे पात्राला माहीतच नसतं. समोर भूत आहे, त्याची बोबडी वळायला हवी. त्याची भीती जितकी खरी, तितका प्रेक्षक हसतो. डोळे मिचकावत घाबरलात तर ना भीती वाटते, ना हसू येतं. आणि आधी घाबरलेला चेहरा दाखवा, भूत नंतर. तो एक क्षण प्रेक्षकाला थांबवून ठेवा, तिथे संगीत नको. दरवाजा करकरण्यापासून किंकाळीपर्यंत डाउनलोड केलेले सगळे आवाज पहिल्याच मिनिटात वापरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

रक्त: साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. कोको नसेल तर गुलाबी सरबत दिसतं. डाग जात नाहीत, म्हणून रक्ताचे सीन सगळ्यात शेवटी.

नकली सुरा घेऊन रस्त्यावर पळणार असाल तर आधी शेजारीपाजारी सांगून ठेवा.

"एकाच टेकमध्ये करू, एडिटिंगची कटकटच नको," हे हल्ली फार ऐकतो. २०१७ च्या 'वन कट ऑफ द डेड' या जपानी चित्रपटाची सुरुवात ३७ मिनिटांच्या सलग शॉटने होते, तो पाहून मुलं पेटतात. पेटावंच, चित्रपट आहेच तसा. पण सलग शॉटमध्ये एडिटिंगचं काम तालमीत करावं लागतं. कोण कुठून येणार, कॅमेरा कधी वळणार, भूत तोपर्यंत कुठे लपणार, हे पाठ होईपर्यंत कॅमेरा न लावता चालून बघा. माझ्याकडे आलेल्या एका सलग शॉटमध्ये भूत सातव्या मिनिटाला सोफ्यामागे मोबाईल बघत बसलेलं सापडलं. आधीची सहा मिनिटं सुंदर होती आणि कापायला जागाच नव्हती.