जुन्या गाडीला कोणते इंजिन ऑइल घालावे?

गाडी लाखभर किलोमीटर चालली की घट्ट ऑइल घालावे, हा सल्ला साताऱ्याच्या गॅरेजांत सर्रास दिला जातो. तो सरसकट मानू नये. इंजिनात ऑइल जळून कमी होत नसेल, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागत नसेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत नसेल, तर गाडीचे वय कितीही असो, मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेडच वापरावी.

ग्रेडमधील (उदा. २०डब्ल्यू-५०) ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो. आपल्याकडे पहिल्या आकड्याची फारशी चिंता नको. २०डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांनाही इंजिन फिरू देते, आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हाही पारा तिथवर उतरत नाही. दुसरा आकडा मात्र विचारपूर्वक ठरवावा, कारण सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात भरलेली गाडी चालवताना झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइलचा दाब कमी पडू शकतो. मॅन्युअलमध्ये मुभा असेल तर ३० ऐवजी ४० घ्यावे. एकदम ५० वर गेल्यास सकाळी गाडी सुरू करताना ऑइल इंजिनाच्या वरच्या भागात उशिरा पोचते.

ऑइल कमी होत असेल तर ग्रेड बदलण्यापूर्वी कारण शोधावे, आणि त्यासाठी पसरणीच्या घाटासारखी परीक्षा नाही. पाचगणीहून वाईकडे अ‍ॅक्सिलरेटर सोडून, गिअरमध्येच उतरावे आणि पायथ्याशी तो दाबताना मागच्या सीटवरील कोणाला तरी मागे पाहण्यास सांगावे. निळ्या धुराचा एकच लोट आला तर बहुधा वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सील) गेलेली असतात. चढताना सतत निळा धूर येत असेल तर संशय पिस्टन रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर येऊ न देणाऱ्या कड्यांवर) घ्यावा. रिंगा गेल्या असतील तर घट्ट ऑइलने धूर काही दिवस कमी दिसेल, इंजिनाचे काम मात्र टळणार नाही.

डब्यावरील एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाच्या) अक्षरांत ‘एस’ पेट्रोलसाठी आणि ‘सी’ डिझेलसाठी असतो. पेट्रोल गाडीला ‘एसपी’सारखी नवी श्रेणी सहसा चालते; प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिनांतील कॅम आणि टॅपेट या वॉल्व्ह उघडणाऱ्या, एकमेकांवर घासणाऱ्या भागांना मात्र झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते, आणि ते पातळ ग्रेडपेक्षा २०डब्ल्यू-५० मध्ये सहसा जास्त मिळते. सिंथेटिकने इंजिन बिघडते ही भीती निराधार आहे, पण सील आधीच कडक झालेली असतील तर गळती उघडी पडू शकते. अशा गाडीला चांगले मिनरल ऑइल पुरते. सुटे ऑइल मात्र कधीही घेऊ नये.

गाडी फक्त बाजारापुरती फिरत असेल तरी ऑइल वर्षाला बदलावे, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साठते. भरून झाल्यावर इंजिन थोडे चालवून बंद करावे, आणि सपाट जागी पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी दोन खुणांच्या मध्ये असल्याची खात्री करावी.