फुगा सुटलेली पोरगी महालात: भित्तिचित्राचा जिवंत फोटो कसा काढायचा

मी नागपूरच्या महाल भागात राहतो, लग्नांचे फोटो काढतो. लग्नसराई नसली की मला एकच नाद असतो, भिंतीवरची चित्रं खरी माणसं उभी करून पुन्हा घडवायची. सुरुवात केली बँक्सी या नाव लपवणाऱ्या इंग्लिश भित्तिचित्रकाराच्या फुगा सुटलेल्या मुलीपासून: काळ्या-पांढऱ्या रंगातली एक लहान मुलगी, पुढे केलेला हात आणि त्यातून सुटलेला लाल, हृदयाच्या आकाराचा फुगा. २००२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या भागात हे चित्र दिसलं होतं. माझा पहिला फोटो पार फसला. पुतणीला फ्रॉक घातला, हातात हेलियमचा फुगा दिला. फुगा सरळ वर निघून गेला आणि ती माझ्याकडे बघून गोड हसली. वाढदिवसाचा फोटो निघाला तो. चित्रात काय काय आहे तेवढंच मी पाहिलं होतं. ती मुलगी उभी कशी आहे, हे पाहिलंच नव्हतं.

म्हणून आता कॅमेऱ्याला हात लावण्याआधी चित्राची प्रिंट काढतो आणि स्केचपेनने तिच्यावर तीनच गोष्टी लिहितो: अंगाचा भार कुठल्या पायावर आहे, पांढरा भाग कुठल्या बाजूला आहे, वारा कुठून येतोय. या मुलीचे केस आणि फ्रॉक फुग्याच्याच दिशेला उडतात. म्हणजे वारा पाठीमागून आहे आणि फुगा त्याच वाऱ्याने नेलाय. एवढं कळलं की निम्मा फोटो झाला समजा.

आता उजेड. हे चित्र स्टेन्सिलने काढलेलं आहे. स्टेन्सिल म्हणजे कापलेला साचा. रंग भोकातून पडतो किंवा पडत नाही, मधली करडी छटा नसतेच. त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू लख्ख आणि दुसरी काळी करणारं कडक, तिरकं ऊन हवं. नागपुरात मेच्या शेवटी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि पोराला त्या उन्हात उभं करणं तर पापच. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो. तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत शोधा. तिच्यासमोर उभं राहिलं की सकाळी नऊच्या सुमाराला ऊन तुमच्या उजव्या हाताने येतं, दुपारी चारला डाव्या हाताने. मूळ चित्रात पांढरं ज्या बाजूला आहे, त्यावरून वेळ ठरवायची. मॉडेलला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभं करा, म्हणजे तिची सावली फ्रेमबाहेर सरकते. तुम्ही स्वतः १५-२० फूट मागे जा आणि ८५ मिलिमीटरची लेन्स लावा. जवळून काढलं तर नाक आणि हात फुगतात, चित्राचा सपाटपणा जातो.

रंग कॉम्प्युटरवर उडवू नका, हे माझं ठाम मत आहे. तसं केलं की भिंतही मरते. आमच्या भिंतीला उडालेला चुना आहे, जुन्या पोस्टरचे कागद आहेत, पानाच्या पिचकाऱ्या आहेत. त्या रंगांमुळेच तर ती नागपूरची दिसते. त्यापेक्षा माणसालाच कृष्णधवल करा. पांढरा फ्रॉक, त्याच्या घड्यांवर काळा रंग, चेहऱ्यावर टाल्कम पावडर, नाकाच्या अंधाऱ्या बाजूला काजळ. लाल फक्त फुगा.

फुगा हेलियमचा नकोच. फॉइलचा हृदयाच्या आकाराचा फुगा साध्या हवेने भरा, बारीक तारेने बांबूला टांगा, आणि बांबू फ्रेमच्या वर कुणीतरी धरायचा. खाली लोंबणाऱ्या दोऱ्याच्या जागी काळी रंगवलेली तार वळवून लावली की ती हवा तशी वळसा घेऊन राहते. नायलॉन मांजा मात्र वापरू नका, त्यावर बंदी आहे आणि पोराचा हात कापतो. फ्रॉकच्या घेरात बाइंडिंग वायर शिवून घेतली की तो उडालेलाच राहतो. केसांसाठी मी शेजारच्या आजोबांच्या ओट्यावरून वायर ओढून पंखा लावला. भिंत त्यांचीच, परवानगी आदल्या दिवशीच घेतली होती. तरी सकाळी त्यांनी विचारलं, "काय करून राहिला बाबू? थंडीत पोरीले पंखा?" चित्र दाखवल्यावर त्यांनी बांबू स्वतः धरला.

मुलीला "पोझ दे" म्हणू नका. मी पुतणीला म्हटलं, "तुझा फुगा गेला, आता धरू नकोस, फक्त बघ." हात आपोआप सैल पडला. तो सैलपणा म्हणजेच ते चित्र.

दुसरं चित्र घेतलं तेही बँक्सीचंच, तोंडाला फडकं बांधून फुलांचा गुच्छ फेकणाऱ्या माणसाचं, २००३ सालचं, पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमजवळच्या बेत साहूरच्या भिंतीवरचं. तोंडाला फडकं बांधायला नागपूरच्या पोराला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात अख्खं शहर दुपट्टा बांधूनच फिरतं. अवघड आहे तो फेकीचा क्षण. मागे झुकलेलं अंग दोन-तीन सेकंदांच्या वर टिकत नाही, खांदा गळतो. त्याला स्थिर उभं न करता जुन्या कापडाचं बोचकं खरोखर फेकायला लावा, २०-२५ वेळा, आणि बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग एक फोटो काढा. शटरचा वेग १/१००० सेकंद तरी ठेवा. फेकीची लय बसली की मगच हातात फुलं द्या. मूळ चित्रात रंग फक्त फुलांना आहे, म्हणून मी सीताबर्डीच्या फूलबाजारातून पिवळी शेवंती आणि झेंडू आणले. आणि एक काळजी घ्याच. तोंड बांधून हात उगारलेला माणूस लांबून काय वाटेल, याचा विचार करा. रविवारी पहाटेच जा आणि आसपासच्या दुकानदारांना आदल्या संध्याकाळी चित्र दाखवून ठेवा.

अगदी नवखे असाल तर मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्जटाउनमधल्या सायकलवरच्या दोन मुलांपासून सुरुवात करा. एर्नेस्ट झकारेविच यांनी २०१२ साली ते काढलं. मुलं रंगवलेली आहेत, पण सायकल खरी, भिंतीला टेकवलेली. इथे उलटं करायचं: सायकलही खरी, मुलंही खरी. स्टँड लावून मागचा छोटा मुलगा पुढच्या मुलीला किती घट्ट धरतो, एवढंच सांभाळायचं. फोटोखाली मूळ चित्रकाराचं नाव आणि गाव लिहायला विसरू नका.

येत्या डिसेंबरात पुन्हा त्याच आजोबांच्या भिंतीसमोर जायचंय. पुतणी आता उंच झालीये, म्हणून या वेळी बांबू ती धरणार आहे आणि फुग्याकडे तिचा धाकटा भाऊ बघणार आहे.