फोरॅम मोजून समुद्राचा जुन्या काळातला ऑक्सिजन काढणार असाल तर आधी चाळणी बघा

अरबी समुद्राच्या ओएमझेडवर (ऑक्सिजन सगळ्यात कमी असलेल्या पाण्याच्या पट्ट्यावर) बेंथिक फोरॅम, म्हणजे समुद्रतळावरचे कवचवाले एकपेशीय जीव, घेऊन काम सुरू करताय ना, मग हे वाचाच. साधारण १५० ते १२०० मीटर खोलीला आपल्याकडे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, तिथे बोलिव्हिना, बुलिमिना हे कमी ऑक्सिजनात तगणारे फोरॅम भरपूर, आणि सिबिसिडॉइडिस हा फोरॅम दिसला की पाणी खेळतं, ऑक्सिजनवालं होतं, हे पहिल्याच महिन्यात पाठ होतं. त्यात काही अवघड नाही.

मी अडकले ते चाळणीत. कोअरचा (समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याचा) वरचा भाग आधीच्या सिनियरने ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन ठेवला होता, खालचा मी १५० वर धुतला, कारण मोठे नग (कवचं) ब्रशने उचलायला सोपे आणि लॅबमध्ये बाकीचे तेच करत होते. सात महिने पिकिंग, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एकेक नग वेचणं, केलं. ग्राफ काढला तर एका जागी बोलिव्हिना एकदम कमी, म्हणजे ऑक्सिजन जास्त, आणि मी लगेच मान्सून कमजोर होता, अपवेलिंग (खोल पाणी वर येणं) कमी होतं अशी सगळी मांडणीपण करून टाकली. मग एका रात्री डब्यांवरची लेबलं वहीत उतरवताना लक्षात आलं की ग्राफ जिथे वळतो तिथेच चाळणी बदललीय. बोलिव्हिना बारीक, लांबट, उभी झाली की १५० च्या जाळीतून सरळ निघून जाते. ऑक्सिजन बदललाच नव्हता, माझे नग सिंकमधून वाहून गेले होते. त्या रात्री मी खूप रडले. कोअरचा अर्धा भाग न धुता शिल्लक होता म्हणून वाचले.

म्हणून सांगते, ६३ घ्या नाहीतर १२५, पण पूर्ण कोअरला एकच, आणि तो आकडा प्रत्येक स्लाइडवर लिहा. कायहोचा १९९४ चा इंडेक्स, म्हणजे फोरॅमवरून ऑक्सिजन काढायचा आकडा, टक्केवारीवर चालतो, बारीक नग गेले तरी तो उत्तर देतोच, दिसायला व्यवस्थित, पण चुकीचं. दुसऱ्यांच्या पेपरशी तुलना करतानासुद्धा आधी त्यांची चाळणी बघा. आणि दोन सॅम्पलच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवा, मागचा अडकलेला नग निळा दिसतो, लगेच ओळखू येतो.

एका सॅम्पलमध्ये ३०० ऐवजी १०० नग मोजून भागतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, दुर्मिळ जाती त्यातच हरवतात. माझं मत विचाराल तर मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा रोज शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसणारी सिनियर जास्त शिकवते.

अजून एक, युव्हिजेरिना हा फोरॅम वाढला म्हणजे ऑक्सिजन घटला असं लगेच धरू नका, तो खाद्य जास्त असलं तरी वाढतो, १९९५ चं ट्रॉक्स मॉडेल हेच सांगतं की खाद्य आणि ऑक्सिजन दोन्ही मिळून ठरवतात. २००६ मध्ये तर ग्लोबोब्युलिमिना हा फोरॅम ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतो हेही दिसलं. त्यामुळे नुसत्या मोजणीवर थांबू नका, वुलरस्टॉर्फी या सिबिसिडॉइडिसच्या जातीच्या कवचावरची छिद्रं, कार्बन आयसोटोप, गाळाचे न विस्कटलेले थर, यातला एक तरी पुरावा जोडीला हवाच.

घाबरू नका, पहिली स्लाइड दोन दिवस खाते, पन्नासावी दुपारपर्यंत होते. हात बसतो. माझी पुन्हा मोजलेली रेष बरीच सपाट आली आणि तीच थिसिसमध्ये गेली. उद्या लॅबला गेलात की आधी डबे काढा आणि लेबलवर चाळणीचा आकडा आहे का तेवढं बघा.